मुलांना कयाक शर्यतीत उतरायचंय? पोहण्यापासून निवड चाचणीपर्यंत, पालकांसाठी क्रमवार माहिती

सांगलीच्या मुलांना होड्यांच्या शर्यती नव्या नाहीत. पावसाळ्यात कृष्णा भरून वाहायला लागली की गावोगावचे संघ होड्या घेऊन उतरतात आणि काठावर पाय ठेवायला जागा उरत नाही. माझ्या लेकीनं त्या शर्यती बाबांच्या खांद्यावर बसून पाहिल्यात. पण तिला वेड लागलं ते भोपाळला. तेरा वर्षांची होती, दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे गेली होती. एका सकाळी मावशी तिला छोट्या तलावावर फिरायला घेऊन गेली. तिथे तिच्याच वयाच्या मुली लांबलचक, अरुंद बोटींतून बाणासारख्या जाताना तिनं पाहिल्या. रात्री फोनवर मला म्हणाली, "आई, पाण्याचा आवाजच येत नाही गं. नुसतं पॅडल बुडतं आणि बोट पुढे."

आता ती सोळाची आहे. दोन राज्य स्पर्धा आणि एक राष्ट्रीय स्पर्धा खेळून झाली. या तीन वर्षांत आम्ही जवळजवळ सगळं उलट्या क्रमानं केलं. आधी पॅडल घेतलं, मग क्लब शोधला, पोहणं मधेच कधीतरी, आणि कागदपत्रं तर अर्ज भरायच्या आदल्या रात्री. तुमचे पैसे आणि मुलांचे महिने वाचावेत म्हणून खालचा क्रम लिहिते आहे.

१. आधी नेमका खेळ ओळखा

आपल्याकडे वर्तमानपत्रांत सगळ्यालाच "नौकानयन" म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. हे तीन वेगळे खेळ आहेत.

रोइंगमध्ये खेळाडूची पाठ जायच्या दिशेला असते आणि वल्ही बोटीला अडकवलेली असतात. रिओ ऑलिंपिकला गेलेला आपला नाशिक जिल्ह्यातला दत्तू भोकनळ हा रोइंगचा. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसायचं, तोंड पुढे, आणि हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं सुटं पॅडल. कनूमध्ये एका गुडघ्यावर बसून, एकाच पात्याच्या पॅडलनं, एकाच बाजूला मारत जायचं. कयाक आणि कनू एकाच संघटनेखाली येतात, रोइंगची संघटना वेगळी.

शर्यतीच्या कयाकला के-वन, के-टू, के-फोर म्हणतात. आकडा म्हणजे बोटीतली माणसं. संथ पाण्यावरच्या शर्यती मुख्यतः २००, ५०० आणि १००० मीटरच्या. खळाळत्या पाण्यात फाटकांमधून जायचं ते स्लालम, तो निराळा प्रकार. महाराष्ट्रातला नवखा मुलगा बहुधा संथ पाण्यावरच सुरुवात करेल, म्हणून हा लेख त्याबद्दलच आहे.

इथला सापळा सांगते, कारण आम्ही त्यात अडकलो. एका ठिकाणी "कयाकिंग शिकवतो" म्हणाले, आम्ही दोन महिन्यांची फी भरली. गेलो तर तिथे तारकर्लीला पर्यटकांना देतात तसल्या रुंद प्लास्टिकच्या बोटी. त्यात मजा येते, पण शर्यतीतलं काही येत नाही. फी परत मिळाली नाही. पैसे भरण्याआधी फक्त एवढं विचारा: "तुमच्याकडे रडर, म्हणजे सुकाणू असलेल्या के-वन किती आहेत?" समोरचा माणूस उत्तर देताना घुटमळला तर निघून या.

२. पोहणं, आणि तेही कपड्यांसकट

आमच्या पिढीनं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहणं शिकलेलं. तेवढ्यावर इथे भागत नाही. मुलाला टी-शर्ट आणि हाफपँट घालून न थांबता निदान शंभर मीटर पोहता आलं पाहिजे, आणि पाच मिनिटं एका जागी पाण्यावर राहता आलं पाहिजे. बोट उलटल्यावर घाबरून दम लागलेला असतो, लाइफ जॅकेट अंगाला घासत असतं, आणि एका हातात पॅडल धरलेलं असतं. स्विमिंग पूलच्या निळ्या टाइल्सवर छान पोहणारी मुलंही गढूळ पाण्यात पाय टेकत नाही म्हटल्यावर बिचकतात. त्यामुळे सराव स्विमिंग पूलमध्ये सुरू करा आणि शेवटचे काही दिवस मोठ्या माणसाच्या सोबतीनं मोकळ्या पाण्यात करा.

लेकीच्या कपाटाच्या आतल्या बाजूला ग्वाल्हेरच्या प्राची यादवचा फोटो चिकटवलेला आहे. टोकियो पॅरालिंपिकमध्ये पॅरा कनूत उतरलेली ती पहिली भारतीय, आणि हांगझौच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिनं सुवर्ण मिळवलं. तीही मुळात पोहण्यातून आलेली. लेक पोहण्याच्या क्लासला कंटाळायची तेव्हा माझ्या बोलण्यापेक्षा त्या फोटोचाच जास्त उपयोग झाला.

कुठल्या पाण्यात उतरायचं हेही याच टप्प्यावर ठरवा. आमची कृष्णा दारात आहे, तरी आम्ही तिथे सराव करत नाही. भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पुण्याकडच्या नद्यांत जलपर्णी आणि सांडपाणी. धरणाच्या खालच्या अंगाला विसर्ग कधी वाढेल सांगता येत नाही. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चाळीस फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की इथला माणूस नदीचं नाव घेत नाही, मग तलावावरही वारा आणि वीज पाहूनच उतरायचं. आम्ही तासाभराच्या अंतरावरच्या एका तलावावर जातो, पहाटे. दुपारनंतर वारा सुटतो आणि नवख्याची बोट त्यात टिकत नाही.

पाण्यातून आल्यावर साबणानं अंघोळ, आणि पायाला जखम असेल त्या दिवशी सुट्टी. पावसाळ्यात ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मूल रोज तलावाच्या पाण्यात असतं. लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, विचार त्यांच्या मनात लवकर यायला हवा.

३. क्लब आणि प्रशिक्षक शोधणं

राष्ट्रीय पातळीवर भारतीय कयाकिंग आणि कनोइंग संघटना आहे, तिला राज्य संघटना जोडलेल्या असतात. पहिला फोन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा आणि दोन गोष्टी विचारा: आपल्या जिल्ह्यात संलग्न क्लब आहे का, आणि शालेय स्पर्धांच्या यंदाच्या यादीत हा खेळ आहे का. मागच्या वर्षीचं उत्तर यंदा धरू नका.

क्लब पाहायला जाल तेव्हा बोटी नंतर बघा. आधी हे बघा: मुलं पाण्यात असताना बचावासाठी मोटरबोट किंवा निदान एक माणूस बोटीत तयार आहे का? लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर आहेत की शेडमध्ये खुंटीला? बोटीच्या दोन्ही टोकांत तरंगण्यासाठी फोम किंवा हवेच्या पिशव्या भरल्यात का? त्या नसतील तर पाणी भरलेली बोट तळाकडे जाते आणि मुलाला धरायला काही उरत नाही. जलाशय पाटबंधारे खात्याचा असेल तर उतरायची परवानगी आहे का, तेही विचारा. आमचा सराव एकदा परवानगीच्या कागदावरून तीन आठवडे बंद होता.

मुलींच्या पालकांनी कपडे बदलायची खोली आणि सोबत असणारी बाई याबद्दल सरळ विचारावं, संकोच करू नये.

४. पहिले तीन महिने: तोल

या टप्प्यावर निम्मी मुलं सोडून जातात, आणि पालकांनी आधी समजून घेतलं असतं तर बरीचशी टिकली असती.

के-वन पाच मीटर वीस सेंटिमीटरपर्यंत लांब असते आणि शर्यतीसाठी तिचं वजन किमान बारा किलो लागतं. म्हणजे घरातल्या भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षाही खूप हलकी, आणि लांबीला एखाद्या मोटारगाडीहून जास्त. रुंदी मात्र जेमतेम कंबरेएवढी. तळ गोल. तुम्ही श्वास घेतलात तरी ती हलते.

पहिल्या दिवशी लेक बोटीत बसली तेव्हा सरांनी काठावरून बोटीचं शेपूट धरलं होतं. तिनं दोन्ही हातांनी पॅडल घट्ट धरलं, खांदे कानांपर्यंत चढलेले, नजर बोटीच्या टोकावर. सर म्हणाले, "लांब बघ, समोरच्या झाडाकडे." तिनं झाडाकडे बघितलं, सरांनी हात सोडला, आणि तीन सेकंदांत ती पाण्यात. त्या सकाळी ती अकरा वेळा पडली. मी मोजत होते. बाराव्या वेळी ती पंधरा-वीस पॅडल मारून गेली आणि परत वळता येईना म्हणून तिथेच रडायला लागली.

हे असंच असतं. शर्यतीची कयाक पाण्यात पलटी मारून परत सरळ करता येत नाही, उलटली की बाहेर पडून ती ओढत काठाला आणावी लागते. म्हणून पडण्याचाच सराव आधी करून घ्यावा: पॅडल सोडायचं नाही, बोटही सोडायची नाही, लाथा मारत काठाकडे. काठावर दोघांनी दोन टोकं उचलून बोट तिरकी करून पाणी काढायचं.

नवख्याला रुंद बोट द्या म्हणून प्रशिक्षकांकडे आग्रह धरा. पन्नास-साठ सेंटिमीटर रुंदीच्या शिकाऊ बोटी मिळतात. बोट बनवणारे स्थिरतेला क्रमांकही देतात, त्यात जास्त आकडा म्हणजे जास्त स्थिर. मूल पडत नाही म्हणजे शिकलं असं समजून लगेच अरुंद बोटीत बसवणारे क्लब आहेत. तसं केलं की मूल जीव मुठीत धरून बसतं, हातानंच पॅडल ओढतं, आणि ती सवय पुढे वर्षभर जात नाही. खरा जोर कंबरेच्या फिरण्यातून आणि पायानं फूटरेस्ट दाबण्यातून येतो. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात पूर्ण बुडवायचं, त्याच बाजूचा पाय दाबायचा, धड वळवायचं, आणि पातं कमरेपर्यंत आलं की बाहेर. हे सगळं तोल आल्यावरच जमतं.

या तीन महिन्यांत "आज किती सेकंद लागले?" असं मुलाला एकदाही विचारू नका. मी विचारत असे. एके दिवशी सरांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, घड्याळ घरी ठेवून या."

५. साहित्य: काय घ्यायचं, काय थांबवायचं

सुरुवातीला एवढंच पुरे:

- स्वतःच्या मापाचं लाइफ जॅकेट, काखेत न घासणारं. खांद्याला धरून वर उचललं तर कानापर्यंत सरकता कामा नये.
- अंगाबरोबरचे, लवकर वाळणारे कपडे दोन जोड. जीन्स किंवा सुती ट्रॅकपँट नको, भिजली की जड होते.
- पातळ तळाचे, न निसटणारे बूट. तलावाच्या काठाला काचा असतात.
- टोपी, सनस्क्रीन, आणि चष्मा लागत असेल तर त्याला दोरी.
- पाण्याची बाटली, कोरडा टॉवेल, आणि हातावर फोड येतात म्हणून चिकटपट्टी.

पॅडल घाईनं घेऊ नका. शर्यतीचं पॅडल चमच्यासारखं वळलेलं असतं, त्याला विंग म्हणतात. एक पातं दुसऱ्याच्या मानानं कोनात फिरवलेलं असतं, आणि लांबी उंचीवर व हाताच्या पल्ल्यावर ठरते. वाढत्या वयात दर वर्षी हे बदलतं. आम्ही हौसेनं वीस हजारांच्या वरचं कार्बनचं पॅडल घेतलं, ते तिला मोठं होतं, आणि मोठ्या पात्यानं तिचा उजवा खांदा दुखावला. सहा आठवडे फिजिओकडे गेलो. पहिली दोन वर्षं क्लबचं पॅडल वापरू द्या. घ्यायचंच तर दांडा दोन तुकड्यांचा आणि लांबी कमीजास्त करता येणारा घ्या.

बोट तर सगळ्यात शेवटी. परदेशी नवी के-वन लाखांच्या घरात जाते, तिला ठेवायला जागा लागते, नेआण करायला टेम्पो लागतो. राष्ट्रीय पातळीपर्यंत क्लबच्या बोटीवर जाता येतं.

६. कागदपत्रं: स्पर्धेच्या आधी दोन महिने

एक फाइल करा आणि त्यात हे ठेवा: जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचा बोनाफाईड, रहिवासी किंवा अधिवास दाखला, पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, पोहता येत असल्याचं प्रमाणपत्र, पालकांचं संमतीपत्र, बँक पासबुकाची प्रत. प्रत्येकाच्या तीन प्रती, आणि फोनमध्ये स्कॅन.

सर्वात जास्त घोळ नावाचा होतो. आमच्या लेकीच्या जन्मदाखल्यावर नुसतं नाव, शाळेत नाव-वडिलांचं नाव-आडनाव, आणि आधारवर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. नोंदणी करणाऱ्या बाईंनी तिन्ही कागद शेजारी ठेवले आणि फॉर्म परत दिला. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे आधी तपासा. जन्मतारखेचंही तेच. वयोगटाचा हिशेब परिपत्रकात दिलेल्या तारखेवरून किंवा जन्मवर्षावरून होतो, मुलाच्या आजच्या वयावरून नाही. उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्याकडे संशयानं बघतात, तसा असेल तर शाळेच्या पहिलीच्या प्रवेशाचा उतारा सोबत ठेवा.

प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात घाला, लॅमिनेट करू नका, पुढे त्यावर सही-शिक्के घ्यायची वेळ येते. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण या दोन्हींसाठी मूळ प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी लागते. स्पर्धा संलग्न संघटनेची नसेल तर मोठ्या ट्रॉफीचाही कागदावर काही उपयोग होत नाही. प्रवेश फी भरण्याआधी हे विचारा.

७. औषधं आणि पावडरी

थोडक्यात सांगते, पण विसरू नका. राष्ट्रीय स्पर्धेत उत्तेजक चाचणी अल्पवयीन मुलांचीही होऊ शकते. खोकल्याचं औषध, दम्याचा पंप, जिममधल्या कुणीतरी दिलेली पावडर, कशातही बंदी असलेला घटक असू शकतो. नाडाचं, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं, "नो युअर मेडिसिन" हे ॲप फोनवर घ्या आणि प्रत्येक गोळी त्यात तपासा. मुलाला दम्याचा पंप कायमचा लागत असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलून परवानगीचे कागद करून घ्या. आम्ही पावडर दिलीच नाही. भाकरी, उसळ, अंडी, केळी, शेंगदाण्याची चटणी आणि सरावानंतर लगेच काहीतरी पोटात, यावर सोळाव्या वर्षापर्यंत छान चाललंय.

८. पहिली स्पर्धा

पहिल्या स्पर्धेत मूल वेगात हरत नाही, गोंधळात हरतं. म्हणून दिवस कसा जातो ते आधीच सांगून ठेवा.

शर्यतीत नऊ लेन असतात, प्रत्येक नऊ मीटर रुंद. बोटीच्या मागच्या भागावर लेन क्रमांकाची पाटी लावायची. सुरुवातीच्या रेषेवर वाऱ्यानं बोट तिरकी होते आणि ती सरळ धरून ठेवणं हाच नवख्याचा खरा कस. "रेडी, सेट, गो" म्हणतात, "गो"च्या आधी पॅडल पाण्यात ओढलं तर ताकीद मिळते. आपल्या लेनच्या मधूनच जायचं. शेजारच्या बोटीच्या लाटेवर चढून तिचा फायदा घेणं हजार मीटरपर्यंतच्या शर्यतीत चालत नाही. शर्यत संपली की काही बोटी वजनाला बोलावतात, तेव्हा थकून सरळ तंबूकडे जायचं नाही. बोलावलं आणि गेलं नाही, तर झालेली शर्यत वाया जाते.

लेकीची पहिली ५०० मीटर शर्यत मला आठवते ती तिच्या पाठीमुळे. सुरुवातीला सरळ, तिनशे मीटरला वाकलेली, शेवटी नुसते हात फिरत होते. ती शेवटून दुसरी आली. त्या रात्री तिनं स्वतःच्या वेळेखाली पॅरिस ऑलिंपिकच्या ५०० मीटर सुवर्णाची, लिसा कॅरिंग्टनची वेळ लिहिली, पावणेदोन मिनिटांहून थोडी जास्त. मधलं अंतर बघून ती नाराज होईल असं मला वाटलं. तिनं वही मिटली आणि विचारलं, "उद्या सराव किती वाजता?"

९. अकादमीत पाठवायचं का

भोपाळला मध्य प्रदेश सरकारची जलक्रीडा अकादमी आहे, केरळात अलप्पुझाला आणि ओडिशात जगतपूरला भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रं आहेत. प्रत्येक ठिकाणचे राज्याचे आणि वयाचे नियम वेगळे, ते त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा. हांगझौच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग यांनी कनू दुहेरीत कांस्य मिळवलं, तेव्हापासून मुलांचे डोळे या केंद्रांकडे लागलेत. आम्ही दहावी घरूनच करायची ठरवली. तिला ते आवडलं नव्हतं, चार दिवस अबोला होता. आता अकरावीत आहे, यंदा चाचणी देणार.

वसतिगृह दाखवायला नकार देणाऱ्या ठिकाणी पाठवू नका. जेवणाच्या वेळेला जा, मुलींच्या मजल्यावर रात्री कोण असतं ते विचारा, शाळा कुठली आणि परीक्षेच्या काळात सरावाला सूट मिळते का तेही. तिथल्या जुन्या मुलींशी प्रशिक्षक नसताना दहा मिनिटं बोला.

चाचणीत बहुधा उंची, दोन्ही हात पसरून पल्ला, धावणं, पुलअप्स आणि पोहणं बघतात, तेव्हा महिनाभर आधी याचाच सराव करा आणि आदल्या दिवशी पूर्ण विश्रांती. मूळ कागद स्वतःच्या पिशवीत ठेवा, सामानात नको. मिरजेहून भोपाळला गोवा एक्स्प्रेस जाते. पॅडल सोबत असेल तर दांडा सुटा करून, पाती जुन्या चादरीत गुंडाळून खालच्या सीटखाली भिंतीकडे सरकवा आणि पिशवीचा पट्टा मुलीच्या पायाशी बांधून ठेवा.